पानिपतावर आमचे बुणगे

"बॉडी आली का? उघडून पाहिलीस? कुठे मार नाही ना लागलेला?" एका सकाळी माझा नवरा फोनवर इतक्या दबक्या आवाजात हे विचारत होता की मी चहाचा गॅस बंद करून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. कोण गेलं हे विचारायचा धीर होईना. तेवढ्यात तो खुशीत म्हणाला, "मग संध्याकाळी सगळेच बघायला येतो!"

बॉडी म्हणजे कॅमेऱ्याचं धड. लेन्स काढून ठेवली की मागे उरतं ते. हे मला त्या दिवशी कळलं. माझा नवरा हेमंत नोएडात आयटीत आहे आणि आम्ही राहतो तिथल्या, म्हणजे दिल्लीच्या मयूर विहारमधल्या, 'यमुनापार छायाचित्र मंडळा'चा सभासद आहे. मंडळात सगळे मराठी, सगळे पोटापाण्याने सुखी आणि सगळ्यांकडे फ्रिजपेक्षा महाग कॅमेरे. मंडळाच्या ग्रुपवर दिवसभर लेन्स, पिशव्या आणि कॅमेऱ्याच्या तिपाया यांचे फोटो येतात. ते सगळे फोनने काढलेले असतात.

आता ही पानिपतची सहल का निघाली ते सांगते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये कुंदाताई राहतात. एका सरकारी खात्यात फोटोग्राफर म्हणून त्यांची हयात गेली, आता मुलीकडे असतात. त्या दर वर्षी एकच शिष्य घेतात. वर्षभर दर रविवारी त्याचे फोटो समोर ठेवून त्याला फैलावर घेतात. पैसे घेत नाहीत, चहा मात्र देतात. पुढच्या हिवाळ्यात मुलीची नागपूरला बदली व्हायची आहे, तेव्हा यंदाचा शिष्य शेवटचा. हेमंतला ती जागा हवी होती. याआधी दोनदा त्याने प्रयत्न केला होता. ताईंनी दोन्ही वेळा विचारलं, "काय काढलंस यंदा?" आणि दोन्ही वेळा याने पिशवीतून नवा कॅमेरा काढून दाखवला.

मलाही ती जागा हवी होती, त्याच्यासाठी. आमच्या हॉलमध्ये माझ्या बाबांचा एक फोटो आहे. सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसतायत, डोळे मिचमिचे, आणि कोणाशी तरी बोलता बोलता हसतायत. घरी येणारा प्रत्येक माणूस त्यासमोर थांबतो. हेमंतने तो लग्नाच्या आधी काढला, कुणाकडून तरी मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर. त्यानंतर घरात कॅमेरे वाढत गेले आणि असा फोटो परत झाला नाही. तो फोटो काढणारा माणूस मला फार आवडला होता. त्याचं पुढे काय झालं, हा माझा साधा प्रश्न आहे.

तर ताईंनी मंडळाला निरोप धाडला: पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला चला, प्रत्येकाने एक फोटो दाखवा, त्यावरून ठरवते. संक्रांतीच्या दिवशी तिथे गर्दी उसळते म्हणून पुढचा रविवार धरला.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: दिल्लीहून पानिपत नव्वदेक किलोमीटर. रस्ता उत्तम, दोन तासांत पोचता येतं. जानेवारीत मात्र धुक्याला विचारून निघा. आम्ही अंधारातच निघालो, आधी उलटं आर. के. पुरमला, ताईंना घ्यायला. डिकीत हेमंतच्या तीन पिशव्या होत्या, मागच्या सीटवर आमची रेवा तिपाई मांडीवर घेऊन बसली होती. ताई खाली आल्या त्या घडीची खुर्ची, उशी, दोन थर्मास, गरम पाण्याची पिशवी, औषधांचा डबा आणि तिळगुळाचा डबा घेऊन. हे सगळं कुठे मावलं ते विचारू नका. गाडी मी चालवत होते, कारण हेमंतच्या मांडीवर चौथी पिशवी होती.

"पानिपतावर आपण कशाने हरलो, माहितीये का गं?" ताईंनी रेवाला विचारलं.

"अच्छा, वो तो... उपाशी होते ना सगळे?"

"उपाशी होतेच. पण बरोबर बुणगे किती होते!"

"बुणगे म्हणजे? बेडबग्स?"

ताई एवढ्या हसल्या की थर्मास कलंडला. मग त्यांनी समजावलं. बुणगे, बाजारबुणगे म्हणजे सैन्याबरोबर चाललेली पण न लढणारी सगळी गर्दी. तीर्थयात्रेला निघालेले, दुकानदार, नोकरचाकर, त्यांचे तंबू, त्यांची भांडीकुंडी. लढणारा एक आणि त्याच्यामागे सांभाळायचं लटांबर. रेवाने मांडीवरच्या तिपाईकडे पाहिलं, मग बाबाच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओह." हेमंत खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

मुरथलला थांबणं हा या रस्त्याचा धर्म आहे. तंदुरी पराठा, त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा; एकात पोट भरतं, दुसरा मागवू नका. चहासकट माणशी दोनेकशे रुपये धरा. मंडळाच्या बाकीच्या गाड्या तिथे भेटल्या. एकाही बहाद्दराला कॅमेरा गाडीत ठेवायचा भरवसा नव्हता, म्हणून थंडगार डिकीतून कॅमेरे थेट ढाब्याच्या उबेत आले, तंदूरजवळच्या टेबलांवर मांडले गेले आणि एकजात सगळ्या लेन्सांवर बाष्प चढलं. मग जो हलकल्लोळ झाला! कोणी फुंकर घालतंय, कोणी रुमाल मागतंय, कोणी ओरडतंय की रुमाल लावू नका, कोटिंग जाईल. मंडळाचे अध्यक्ष देवधर यांच्याकडे हातभर लांब लेन्स आहे, तिला सगळे तोफ म्हणतात. देवधरांनी तोफ मफलरमध्ये गुंडाळून छातीशी धरली होती. वेटरने मला हळूच विचारलं, "बच्चा सो रहा है क्या, मॅडम?"

पुढची सूचना महत्त्वाची. पानिपत आलं की उड्डाणपुलावर चढू नका, खालच्या रस्त्याने राहा आणि सनौली रोड विचारा. पुलावर चढलात तर शहर पायाखालून निघून जातं. देवधरांची गाडी तशीच कर्नालच्या दिशेने गेली, कारण गाडीत कोणती लेन्स लावावी यावर चर्चा रंगली होती. फोनवर त्यांना ताई म्हणाल्या, "या सावकाश. कुमक उशिरा येण्याची परंपराच आहे इथली."

काला अंब शहराबाहेर आहे. छान राखलेली बाग, मधोमध विटांचा स्तंभ, भोवती लोखंडी कुंपण. आंबा शोधू नका. रक्ताने काळवंडला म्हणतात तो आंबा कधीच गेला, आता नावापुरता उरलाय. धुकं इतकं दाट होतं की कुंपणाशी गेल्याशिवाय स्तंभही धड दिसेना. देवधर तोफ घेऊन पोचले आणि म्हणाले, "यात काय घंटा दिसणार? ऊन पडेपर्यंत थांबू."

ताईंनी खुर्ची मांडून घेतली, शाल लपेटली आणि फर्मान काढलं. "एक कॅमेरा, एक लेन्स. बाकीचे बुणगे गाडीत."

लहान मुलांची आईपासून ताटातूट व्हावी तसे चेहरे झाले. हेमंत डिकीपाशी इतका वेळ उभा राहिला की मीच शेवटी डिकी बंद केली. त्याच्या हातात एक जुनाच कॅमेरा होता आणि त्यावर छोटीशी लेन्स. ती त्याने विकायला काढली होती, पण गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

तेवढ्यात सातारा-कराडकडची एक बस आली. लाल स्वेटर, कानटोप्या, नऊवारी, पिशव्या. एक म्हातारी उतरल्या उतरल्या म्हणाली, "आंबा कुटं हाय?" झाड नाही म्हटल्यावर क्षणभर तिचा चेहरा पडला. मग हेमंतला बघून तिने विचारलं, "मराठी हायस न्हवं? मग धर जरा चपला. अनवानी जाते. हितं कुनी चोरल्या म्हंजी परत कराडपातूर काय घालू?"

आणि माझा नवरा, वर्षभर ज्या एका फोटोची वाट बघत होता त्याची वेळ आलेली असताना, एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात ओल्या चपला घेऊन उभा राहिला.

म्हातारी गवतातून चालत कुंपणाशी गेली, वाकली, माती कपाळाला लावली. मंडळ तुटून पडलं. कोणी गवतात लोळलं, कोणी कुंपणाला लटकलं. देवधरांना तोफेमुळे इतकं मागे जावं लागलं की ते धुक्यात दिसेनासे झाले आणि नुसता आवाज आला, "मावशी, परत एकदा वाका ना! प्लीज!" मावशी बिचारी वाकली. "पदर जरा इकडून! परत!" परत वाकली. तिसऱ्यांदा तिने कंबरेवर हात ठेवला. मला देवधरांचा खूप राग आला, आणि हेमंतचाही आला. "चपला खाली ठेव आणि काढ की फोटो!" मी त्याच्या कानात म्हटलं. तो म्हणाला, "कबूल केलंय गं त्यांना." हातातोंडाशी आलेला घास गेला असं वाटून मी चडफडत दूर जाऊन उभी राहिले.

मावशी परत आल्या आणि त्याच्यासमोरच्या कट्ट्यावर टेकल्या. काय बोलत होते ते मला सगळं ऐकू आलं नाही. त्यांच्या घराण्यातला कोणी इथे आला आणि परतला नाही, एवढं कळलं. नाव आता कोणाला ठाऊक नाही, पण पितरांच्या वेळी त्याच्या नावाचं एक पान अजून वाढतात. मावशींच्या पायाला चिखल लागला होता. हेमंतने चपला त्यांच्यासमोर ठेवल्या आणि पाण्याची बाटली पुढे केली. मावशींनी एक पाय उचलला, हात तळव्यापर्यंत नेला आणि तिथेच थांबल्या. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "घरापातूर जाऊ दे माती." आणि तशाच मातीच्या पायांनी चपला घातल्या. त्यांचा हात थांबला त्याच क्षणी हेमंतने खाली बसून फोटो काढला होता. एकच.

मग दरबार भरला. ताई खुर्चीत, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, कॅमेरे एकेक करून समोर येतायत. पहिल्या फोटोत मावशी वाकलेल्या. दुसऱ्यातही वाकलेल्या. देवधरांच्या फोटोत मावशींच्या कानातली कुडीसुद्धा लखलखीत दिसत होती, पण मावशी वाकलेल्याच. ताईंनी विचारलं, "या बाईंना किती वेळा वाकवलंत तुम्ही?"

देवधर तोफेला झाकण लावायला लागले.

"त्या एकदाच वाकायला आल्या होत्या," ताई म्हणाल्या.

हेमंतचा कॅमेरा त्यांनी हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मी मान वाकडी करून पाहिलं. धुक्यात दोन मातकट पाय, आणि तळव्याशी येऊन थांबलेला एक हात.

"हा कसा काढलास?"

"पस्तीसची लेन्स, ताई, आणि अपर्चर मी..." हेमंतची गाडी सुरू झाली. मी डोळे मिटून घेतले.

"लेन्स नाही विचारली. बाई तुझ्यासमोर अशी बसली कशी?"

हेमंत गोंधळला. मग म्हणाला, "माझ्याकडे त्यांच्या चपला होत्या."

देवधर मोठ्याने हसले. ताई हसल्या नाहीत म्हटल्यावर तेही थांबले. ताईंनी कॅमेरा परत दिला आणि एवढंच म्हणाल्या, "अंगठा कापलायस." डाव्या पायाचा अंगठा खरोखरच चौकटीबाहेर गेला होता.

परतीला निघालो. निवड कोणाची, ते ताई काही बोलेनात. हेमंतची विचारायची छाती नव्हती, माझीही नव्हती. ऊन आता लख्ख पडलं होतं, ज्याची सकाळपासून मंडळाला प्रतीक्षा होती. आर. के. पुरमला पोचल्यावर आम्ही खुर्ची, उशी, थर्मास, डबे असं सगळं दोन खेपांत वर नेलं. रेवा धापा टाकत म्हणाली, "आजी, हे पण बुणगेच ना?"

"हो गं बाई," ताई म्हणाल्या, "पण माझं लढायचं वय गेलंय. तुझ्या बाबाचं नाही." मग दार लावता लावता हेमंतला म्हणाल्या, "त्या मावशींना आधी फोटो पाठव. आणि रविवारी ये. नाश्ता करून ये, मी फक्त चहा देते."

हेमंत जिना उतरताना दोनदा अडखळला. गाडीत बसल्यावर मला रडू आलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

आता हिशेब तुम्ही मांडा. पेट्रोल, टोल, पराठे मिळून चौघांची ही सहल मंडळाच्या एका पिशवीच्या पट्ट्यापेक्षा स्वस्तात होते. बघण्यासारखं फार नाही असं सांगणारे भेटतील. धुक्याच्या दिवशी तर काहीच नाही म्हणतील. तरी जा, आणि कोणी काही धरायला दिलं तर धरा.

पहिल्या रविवारी हेमंत तो एक फोटो घेऊन, बाकी रिकाम्या हाताने गेला आणि दुपारी परतला. "काय शिकवलं?" मी विचारलं.

"अंगठा."

"म्हणजे?"

"तीन तास अंगठाच. तो आत असता तर काय झालं असतं, बाहेर गेला म्हणून काय झालं, मी खाली बसायची घाई का केली. असं झोडपलंय ना, यार!" इतका खूश मी त्याला कुठलाही खोका उघडताना पाहिलेला नाही.

संध्याकाळी मी पोळ्या करत होते. खिडकीतून तिरपं ऊन ओट्यावर आलं होतं. तो कॅमेरा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. फोन वाजत होता, देवधरांचा. नवी बॉडी आली असणार. त्याने फोन उचलला नाही. मी पदर सारखा केला, चेहरा जरा बरा केला आणि म्हटलं, "काढ की मग."

त्याने कॅमेरा बाजूला ठेवला, हात धुतले आणि कणकेची परात स्वतःकडे ओढली. "थांब," म्हणाला, "आधी गोळे करून देतो."