दुसऱ्या वायरीतलं चिपाड

काष्टीच्या बाजारात आमची रसवंती आहे. उन्हाळा लागला की आण्णा, म्हणजे माझे वडील, चरकाला रंग देतात आणि त्याच्या चाकाला घुंगरं बांधतात. मी पाचवीत असेपर्यंत तो चरक ते हातानंच फिरवायचे. मग मोटर आली. मोटरीवरून चरकाच्या चाकापर्यंत एक लांब पट्टा आला आणि मोटरीला दोन वायरी.

वीज एका वायरीनं येत असेल, तर दुसरी कशाला, असं मी तेव्हा विचारलं होतं. आण्णा पट्टा ताणून बसवत होते. त्यांनी चरकाखाली पडलेल्या, रस काढून झालेल्या उसाच्या ढिगाकडं पाहिलं आणि म्हणाले, "एकीतनं वीज येती. मोटर तिचा रस काढून घेती. मग उरलेलं चिपाड जायला नको का कुठं? ती दुसरी."

मला ते इतकं पटलं की पुढं कितीतरी वर्षं मी हा प्रश्न कुणालाच विचारला नाही. दहावी झाली, बारावी झाली. सूत्रं पाठ होती, गणितं सुटायची, मार्कही बरे पडले. परीक्षेत चिपाडाबद्दल कुणी विचारलं नाही, त्यामुळं ते माझ्या डोक्यात तसंच राहिलं.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. नगरला आले, होस्टेलवर राहिले आणि भौतिकशास्त्र घेतलं. वर्गात मी तिसऱ्या बाकावर बसायचे आणि कळलं नाही तरी मान हलवायचे. इतर मुलींना हे सगळं आधीपासून ठाऊक असणार, अशी माझी समजूत होती.

प्रॅक्टिकलच्या पहिल्या दिवशी सरांनी एक नियम सांगितला होता. प्रयोगशाळेत खोडरबर आणायचं नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, बरोबर आकडा शेजारी लिहायचा. खालचं दिसलं पाहिजे.

पुढं एकदा अगदी साधा प्रयोग होता. बॅटरी, बल्ब आणि करंट मोजायचे दोन ॲमीटर. एक बल्बच्या अलीकडं, एक पलीकडं. माझी जोडीदार त्या दिवशी आली नव्हती. मी जोडणी केली, बल्ब लागला. दोन्ही मीटरांच्या सुया एकाच घरावर येऊन थांबल्या.

मी पलीकडच्या मीटरला टिचकी मारली. सुई हलली आणि परत तिथंच आली. मीटरांची अदलाबदल केली, तरी तेच. बल्ब समोर जळत होता, मग पलीकडं वीज कमी व्हायला नको का? मीटर बिघडलाय, असं मी ठरवलं. आकडे पेन्सिलनं लिहिले होते. कंपासपेटीतून खोडरबर काढलं, दुसरा आकडा पुसला आणि दोन घरं कमी करून लिहिला. फसवावं असं मनात नव्हतं. उलट उत्तर बरोबर यावं म्हणून मी ते केलं होतं.

पुढच्या आठवड्यात सरांनी जर्नल तपासलं आणि मला टेबलापाशी बोलावलं. दोन घरं कमी कशी झाली, असं विचारलं.

"बल्बनं घेतली, सर," मी म्हणाले.

मागं दोघीतिघी हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मीटरनं दाखवलं तेच लिहिलंस?"

मी हो म्हणाले. खोटं बोलले ते तिथं.

प्रयोग पुन्हा कर, तोवर सही नाही, एवढं बोलून त्यांनी जर्नल परत दिलं. सगळ्या प्रयोगांवर सह्या असल्याशिवाय वर्षाच्या परीक्षेला बसता येत नाही. पण मला सहीइतकीच दुसरीही धास्ती होती. प्रयोग पुन्हा केला, सुया पुन्हा सारख्या आल्या, तर आधीचा आकडा आणला कुठून, हे सरांना कळणारच होतं.

त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी घरी आले. आण्णांनी नेहमीसारखं काय नवं शिकवलं ते विचारलं. मी चालू आहे म्हणाले आणि ग्लास विसळायला बसले. आई ऊस तासत होती. समोर पट्टा फिरत होता. खालून चरकाकडं जायचा, वरून मोटरीकडं परत यायचा. आण्णा चिपाड दुमडून, मध्ये लिंबू आणि आलं घालून, दुसऱ्यांदा चरकात घालत होते.

मी कितीतरी वेळ त्या पट्ट्याकडंच बघत राहिले. मग न राहवून विचारलं, "आण्णा, पट्टा परत येताना कमी येतो का?"

"कमी?" ते माझ्याकडं बघायला लागले. "कमी येऊन चालंल का? तुटंल की."

"पण चरकाचं काम तर तोच करतो."

"पट्टा दमत न्हाई, ताई. मोटर दमती. जाड ऊस घातला की आवाज ऐक तिचा."

घरात मी थोरली, म्हणून ते मला ताई म्हणतात. त्यांनी खरंच एक जाड ऊस घातला. मोटरीचा आवाज खाली बसला. पट्टा मात्र जेवढा जात होता तेवढाच परत येत होता. माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला.

दुपारी वीज गेली. आण्णांनी पट्टा उतरवला आणि चाकाला जुना दांडा लावला. मी म्हटलं, मी फिरवते. रिकामा चरक घुंगरं वाजवत सहज फिरला. ऊस आत गेला तसा दांडा जड झाला, खांद्यापर्यंत कळ आली. मोटर नव्हती, म्हणून मी दमत होते. मग मोटर चालते तेव्हा तिच्या मागं कोण दमतं? वर्गात शिकवलेलं तेव्हा आठवलं. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरवत राहिलं की वीज निर्माण होते, पण ते कुणीतरी फिरवावं लागतं. कुठं धरणाचं पाणी फिरवतं, कुठं कोळशाची वाफ, आणि साखर कारखान्यात उसाचं चिपाड जाळून केलेली वाफ.

हे मी आण्णांना सांगितलं, दम खात, तुटक तुटक. दुसऱ्या वायरीत चिपाड नसतं, करंट पट्ट्यासारखा जेवढा जातो तेवढाच परत येतो, हेही सांगितलं. ते सांगताना मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजे कारखान्यात चिपाड जाळून वीज करत्यात, आन ती हितं येती?"

"त्यातली थोडी येत असेल."

"मग चिपाड हाय की वायरीत. मी वायर तेवढी चुकलो."

आईनं कोयता खाली ठेवला. "बाप-लेकीची शाळा सुटली असंल तर बघा, गिऱ्हाईक कवाचं उभं हाय."

गिऱ्हाईक गेल्यावर मी आण्णांना जर्नलचं सगळं सांगितलं, खोडरबरासकट. ते ओला हात टॉवेलला पुसत राहिले. मग म्हणाले, "मीटर खरं बोलत हुता का?"

"हो."

"मग त्याला खोटं पाडून ठेवू नको. सरांना जाऊन सांग."

सोमवारी प्रयोग मांडायच्या आधीच मी सरांपुढं उभी राहिले आणि आकडा मी बदलला होता, असं सांगितलं. का बदलला तेही सांगितलं. चिपाडाचं बोलताना आवाज इतका बारीक झाला की सरांना पुन्हा विचारावं लागलं.  कपाटातून हातानं फिरवायचा छोटा डायनॅमो काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवला आणि फिरवायला सांगितलं. तो हलका फिरला. फिरत असतानाच त्यांनी बल्ब जोडला. बल्ब लागला आणि दांडा एकदम जड झाला. तो जडपणा माझ्या ओळखीचा होता.

"आता सांग, कमी काय होतं?"

"करंट नाही, सर. तो जेवढा जातो तेवढाच परत येतो. दमतो तो हात."

"पुस्तकात असं नाहीये."

"आमच्या रसवंतीवर आहे, सर."

सर हसले. प्रयोग मी पुन्हा केला, सुया पुन्हा एकाच घरावर आल्या. मी बदलून लिहिलेल्या आकड्यावर त्यांनी मला एक रेघ मारायला लावली. शेजारी खरा आकडा आणि खाली तो का बदलला होता ते, दोन ओळींत, पेननं लिहायला लावलं. मग त्यांनी सही केली.

पुढच्या बाजाराला मी जर्नल घरी नेलं. आण्णांनी हात धुतले, पुसले, तरीही वहीला हात न लावता मलाच धरायला सांगितलं. त्यांना अक्षरं सावकाश लागतात. त्यांनी सही पाहिली, मग ती रेघ.

"हे खोडलेलं माझं व्हय?"

"आपलं दोघांचं," मी म्हणाले.

ते वाकून आणखी जवळून बघायला लागले. "दिसतंय की अजून."

"दिसायलाच पाहिजे, असा नियम आहे."

"बरा हाय नियम," ते म्हणाले आणि त्यांनी मोटर चालू केली.