उजव्या कोपऱ्यातले बुडबुडे

घाटकोपरला असल्फाच्या चढावर, पत्र्याच्या शेडमध्ये जयवंत परब रेडिएटर दुरुस्त करायचे. संपात गिरणीतली फिटरची नोकरी गेली, तेव्हा गावी न परतता त्यांनी हे काम धरलं. पाच वर्षांत नाव झालं. परबांनी कथलाचा डाग दिला की गळती गेली, असं टॅक्सीवाले म्हणायचे.

सत्याऐंशीच्या एप्रिलमध्ये मधुकर नावाचा टॅक्सीवाला गाडी तापते या एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आला.

"परबभाऊ, काय हे यार! काल मुलुंडला भर रस्त्यात इंजिन उकळलं. पॅसेंजर शिव्या घालत उतरला."

"होज पाईप?"

"नवा टाकला. पाण्याचा पंपही बघून घेतला, बाहेरून कोरडा आहे."

जयवंतनी रेडिएटर उतरवला, तोंडं रबरी बुचांनी बंद केली, टाकीत बुडवला आणि आत हवा भरली. वाकून पाहिलं. पाणी शांत होतं.

"कुठेच गळत नाही," ते म्हणाले.

मधुकर त्यांच्याकडे बघतच राहिला. "मस्करी करता काय? तो काय उजवा कोपरा! भसाभसा बुडबुडे येतायत."

जयवंतनी मान वळवली, तेव्हा कुठे ते दिसले. समोरचं दिसत होतं, कडेचं नाही. गेलं वर्षभर हातगाड्यांना धडकत होतो, ते दमल्यामुळे नव्हे, हे त्यांना त्या क्षणी कळलं. तिथे डाग देऊन त्यांनी गळती थांबवली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "काचबिंदू आहे. गेलेली नजर येणार नाही. उरलेली टिकवायला थेंब घाला."

"चष्मा लावला तर?"

"उपयोग नाही."

आठ दिवसांनी त्यांनी बायकोला, सुलक्षणाला सांगितलं.

"माका आदी सांगाक नको?" ती रडत म्हणाली.

"सांगून तू काय करतलंस?"

दुसऱ्या दिवसापासून ती शेडवर येऊ लागली. ती पाण्यात बघायची, बुडबुड्यावर बोट ठेवायची, रेडिएटर बाहेर काढून पुसला तरी ते हलवायची नाही आणि जयवंत त्या बोटाशेजारी डाग द्यायचे. टॅक्सीवाले हसायचे, पण काम चाललं. थेंब घालूनही नजर आत आत आक्रसत गेली. दिवाळीच्या सुमारास एकदा डाग द्यायची तापलेली कैय्या छिद्रावर टेकण्याऐवजी तिच्या बोटावर टेकली. ती ओरडली नाही. कातडी जळल्याचा वास आला, तेव्हा जयवंतना समजलं. त्यांनी कैय्या टाकली, शेगडी विझवली आणि तिचं बोट टाकीतल्या पाण्यात धरून ठेवलं.

शेड पुन्हा उघडली नाही. सुलक्षणा विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली. जयवंत दिवसभर खोलीत बसून राहायचे.

एकदा मधुकर आला. गाडी पुन्हा तापत होती. "तुम्ही नुसते चला ना. आवाजावरून सांगाल," तो म्हणाला.

"पाणी कुठून जातंय ते आवाजावरून कळत नाही रे," जयवंत म्हणाले. त्यांनी कुर्ल्याच्या एका दुकानाचा पत्ता सांगितला आणि दार लावून घेतलं.