बनीची फाईल

तिसगावात रेकॉर्डकीपर साळव्यांचं नाव निघालं की लोक आधी हसायचे आणि मग मान द्यायचे. हसायचे अशासाठी, की या गृहस्थांच्या घरात आलेल्या लग्नपत्रिकासुद्धा तारीखवार दोऱ्यात ओवलेल्या असत. आणि मान अशासाठी, की एकतीस वर्षं सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढूनही त्यांच्या हातून एकही कागद चुकून नष्ट झाला नव्हता. असं सांगणारे पुष्कळ भेटतील, पण साळव्यांच्या बाबतीत ते खरं होतं.

रेकॉर्ड सांभाळणं म्हणजे नुसतं जपणं नव्हे. जपायचं काय आणि जाळायचं काय, हे ठरवणं हेच त्यातलं खरं काम. अ वर्गाचा कागद कायमचा, ड वर्गाचा वर्षभरानं नष्ट करायचा, आणि ब, क त्यांच्या मधले. ज्या कागदावर विषय नाही, क्रमांक नाही, ज्याची कुणी चौकशी करत नाही, तो साळवे बिनदिक्कत ड वर्गात टाकायचे. उरलेले कागद लाल फडक्यात बांधायचे, गुडघा रोवून दाबायचे आणि दोरी आवळायचे. त्यांनी बांधलेला रुमाल इतरांच्या रुमालाच्या निम्म्या जागेत बसायचा. याचा त्यांना भारी गर्व होता, आणि मला विचाराल तर तो रास्तच होता.

पंच्याण्णव साली साळवे निवृत्त झाले आणि बौद्धवस्तीतल्या आपल्या घरी येऊन राहिले. बायको आधीच गेलेली. घरात ते आणि पंच्याहत्तरीला टेकलेली त्यांची आई, चांगुणाबाई. मुलगा महेंद्र पुण्यात नोकरीला. त्याच्या ऑफिसनं जुने कॉम्प्युटर काढून टाकले, त्यातला एक पुढच्या वर्षी त्यानं वडिलांना आणून दिला. मराठी टायपिंगची परीक्षा साळव्यांनी फार पूर्वीच दिली होती. आठ दिवसांत त्यांचा हात त्या कीबोर्डवर बसला.

"ह्यात काय ठिवायचं असतं?" आईनं विचारलं.

"कायबी. तू बोललीस तर तुजं बोलनं बी लिहून ठिवता येतं."

चार दिवसांनी आई जेवताना एकदम म्हणाली, "मंग बनीचं लिहून ठिव."

बनी ही साळव्यांची धाकटी बहीण. बावन्न सालच्या दुष्काळात गेली, तेव्हा चार वर्षांची होती. साळवे तेव्हा नगरच्या बोर्डिंगात शिकत होते. खडीच्या कामावर बनी वारली, एवढाच निरोप त्यांना मिळाला होता. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं आईनं त्या पोरीचं नाव घेतलं नव्हतं आणि साळव्यांनीही विचारलं नव्हतं. नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी गावचं जन्ममृत्यूचं रजिस्टर मात्र गुपचूप उघडून पाहिलं होतं. त्यात बनी नव्हती. ना जन्मात, ना मृत्यूत. ती पोर होती, असं सांगणारा एकही कागद जगात नव्हता.

"पर मी एकदाच सांगनार," आई म्हणाली. "मधी इचारायचं न्हाई. आन् पुन्यांदा सांग म्हनायचं न्हाई."

अकरा दुपारी ती सांगत होती. कामाच्या जागी पोरीला लिंबाखाली बसवायची, ओलं फडकं डोक्यावर टाकायची आणि हातोडा घ्यायची. उठून गेलं तर हजेरी कापायचे. बनी लिंबाखाली काय खेळायची, कुणाशी बोलायची, आईला तिथून काय हाका मारायची, आणि त्या दुपारी हाका कशा बंद झाल्या. आई बोलत होती आणि साळवे पडद्याकडे बघत टाईप करत होते. कागदावर आधी लिहून घ्यायला सवडच नव्हती. एकवीस पानं भरली. शेवटच्या दिवशी आई पदरानं तोंड पुसून म्हणाली, "झालं. आता तुज्यापाशी हाय. मी कशाला धरून बसू?" त्यानंतर ती शांत झोपायला लागली. तिची छाती हलकी झाली होती, हे तिच्या चालण्यातसुद्धा दिसायचं. बनी गेली ते दिवस वैशाखातले. त्या वैशाखात साळव्यांनी ते एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. दरसाल याच दिवसांत वाचायचं, असं मायलेकांनी ठरवलं.

त्याच वर्षी मे महिन्यात महेंद्र आला, तेव्हा कॉम्प्युटरची जागा भरत आलेली. डिस्क होती अवघी चाळीस एमबीची. त्यानं एक प्रोग्राम बसवला.

"दादा, आता चाळीसचे ऐंशी समजा. तुम्ही फाईल ठेवली की ती आपोआप दाबून ठेवली जाईल, आणि उघडली की आपोआप मोकळी होईल. तुम्हाला काही करायचं नाही. कळणारसुद्धा नाही."

"म्हंजे रुमाल बांधायचं काम तेच करणार," साळवे खूश होऊन म्हणाले.

"तसंच समजा. आणि एच नावाचा एक नवा कप्पा दिसेल. तिकडं लक्ष देऊ नका. शिवाय फ्लॉपीवर एक कॉपी काढून ठेवा."

दोन्ही गोष्टी त्यानं चुकीच्या माणसाला सांगितल्या. अस्सल एकच असतं, नकला वाढल्या की घोळ वाढतो, हे साळव्यांचं एकतीस वर्षांचं मत. त्यामुळे फ्लॉपी राहिली. आणि रेकॉर्डकीपरला एखाद्या कप्प्याकडं लक्ष देऊ नका म्हणायचं, म्हणजे त्याला तिथं बोलावण्यासारखंच होतं.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत त्यांनी तो कप्पा उघडलाच. आत जवळपास काहीच दिसेना, पण कॉम्प्युटर तर म्हणत होता की कप्पा भरलाय. रिकामी खोली भरलेली कशी असेल? साळव्यांनी कॉम्प्युटरची मार्गदर्शिका काढली, लपवलेल्या फाईली बघायची युक्ती शोधली, आणि ती सापडली. एकच फाईल, अडतीस एमबीची. नाव इंग्रजी, अर्थ लागेना. नावापुढं टिंब आणि तीन शून्यं. उघडून पाहिली तर नुसत्या किड्यामुंग्या. विषय नाही, क्रमांकाच्या जागी शून्य, वाली कुणी नाही, आणि जागा मात्र सगळ्या घराची अडवून बसलेली.

दाबून बसवलेलं सगळं त्या एकाच फाईलच्या पोटात होतं. रोज दिसणारा सी नावाचा कप्पा आणि त्यातली बनीची एकवीस पानं, सगळं तिथंच. हे महेंद्रनं सांगितलं नव्हतं, कारण सांगायची गरज पडेल असं त्याला वाटलं नव्हतं. मला त्या पोराचा राग येतो. पण खरं सांगायचं तर अशा गोष्टी कोणता मुलगा बापाला बसून समजावतो?

साळव्यांनी घाई केली नाही, हेही त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. वहीत त्या फाईलचं नाव लिहिलं, पुढं 'ड' असा शेरा मारला आणि नियमाप्रमाणे पंधरा दिवस थांबले. कुणी चौकशी केली नाही. मग त्यांनी फाईलची कुलपं पुस्तकात बघून एकेक काढली आणि ती पुसून टाकली.

पडदा गोठला. बंद करून चालू केला तर काळा पडदा आणि पांढरी रेघ लुकलुकतेय. मराठी नाही, फाईली नाहीत, काही नाही. दुसऱ्या दिवशी साळव्यांनी तो डबा गोधडीत गुंडाळून एसटीनं नगरला नेला. तिथल्या एका दुरुस्तीवाल्यानं तासाभरात मराठीसकट सगळं नव्यानं बसवून दिलं.

"घ्या काका, एकदम कोरा करकरीत."

"माझ्या फाईली होत्या त्यात."

"छे, यात काहीच नव्हतं. रिकामाच होता की."

मग साळव्यांनी एसटीडी बूथमधून महेंद्रला फोन लावला. झालेली हकिकत सांगितली.

"दादा, सगळं त्याच फाईलमध्ये होतं," महेंद्र म्हणाला. "पण पुसली तरी लगेच जात नाही ती. परत आणता येते. फक्त त्याच्यावर दुसरं काही बसवायचं नाही. तुम्ही अजून कुणाला हात लावू दिला नाही ना?"

साळव्यांनी काचेतून बाहेर बघितलं. गोधडीतला डबा बाकड्यावर होता. "लावू दिला," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आईला त्यांनी सांगितलं नाही. पुन्हा सांग म्हणायचं नाही, हे तर ठरलेलंच होतं. दोन महिने त्यांनी आठवून आठवून लिहायचा प्रयत्न केला. अडीच पानं झाली. उरलेलं त्यांच्या डोक्यात नव्हतंच, कारण ते डब्यात सुरक्षित आहे म्हणून त्यांनी डोक्यात ठेवलंच नव्हतं. आईसारखंच.

वैशाख आला. एका दुपारी आई येऊन भिंतीला टेकून बसली. "वाच," म्हणाली.

साळव्यांनी पडद्यावरून वाचायला घेतलं. "सन एकोणीसशे बावन्नच्या टंचाईकाळात बनी, वय अंदाजे चार वर्षे, ही आईसोबत खडीच्या कामावर असे. तिला लिंबाच्या झाडाखाली बसविण्यात येई..."

आई ऐकत राहिली. मग तिनं हात वर केला.

"हे कोन बोलतंय?"

"तूच की, आये."

"हे माजं बोलनं न्हाई. हे तुज्या कचेरीचं हाय."

साळव्यांच्यानं पुढं राहवलं नाही. साठीला आलेला माणूस पोरासारखा हुंदके देत म्हणाला, "गेलं गं समदं. माज्याच हातानं गेलं."

"जाळलंस?"

"तसंच झालं."

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं साळव्यांना वाटलं. तिनं विचारलं, "बनीनं दगडाची बाव्हली केल्ती. चिंधी गुंडाळून. तिचं नाव काय ठिवलं हुतं रं?"

साळव्यांनी डोळे मिटले. बाहुली आठवत होती. नाव त्यांनी स्वतःच्या बोटांनी टाईप केलं होतं. नाव आठवत नव्हतं.

"मला बी न्हाई येत," आई म्हणाली. "तुला सांगितलं तवा व्हटावर हुतं. तुला दिलं आन् मी मोकळी झाले."

मग दोघं नावं घेत बसले. ठकी? न्हाई. चिंगी? न्हाई. गोदी? सोनी? न्हाई, न्हाई. मैना? आईची मान हलत राहिली. पुन्हा चिंगी? न्हाई म्हनलं ना. ऊन ओट्यावरून उतरून रस्त्यावर गेलं. साळव्यांकडची नावं संपली, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

"ठकी?"

"न्हाई."

"चिंगी?"

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. ती फार दमली होती. "व्हय," म्हणाली. "चिंगी. चिंगीच हुतं. लिव."

साळव्यांनी टाईप केलं : बाहुलीचं नाव चिंगी.

"आता वाच," आई म्हणाली.

त्यांनी वाचलं.