जान्हवीचं ऑपरेशन

जोगेश्वरीच्या चाळीत परबांची दोन बिऱ्हाडं शेजारी शेजारी. एकात सुलक्षणा, तिचा नवरा जयवंत आणि लेक जान्हवी. दुसऱ्यात मोठ्या जाऊबाई. घरातल्या कोणत्या बाईची तारीख कधी, हे जाऊबाईंना तोंडपाठ असे. त्यामुळे सतरा वर्षांच्या जान्हवीला पाळी येईना, तेव्हा सुलक्षणाने डॉक्टर गाठायच्या आधी भलतंच काम केलं. दर महिन्याला चार दिवस ती लेकीला खोटंच बाजूला बसवू लागली. जाऊबाई खूश.

पुढे सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, की मुलीला जन्मतःच गर्भाशय नाही, योनीमार्गही नाही. बाकी सगळं ठणठणीत. मूल पोटी येणार नाही, पण ऑपरेशनने मार्ग तयार करता येतो. घाई नाही, ती स्वतः म्हणेल तेव्हा करू. बाहेर बाकावर बसून सुलक्षणा लेकीला एवढंच म्हणाली, "घरात कोणाक सांगा नको हां."

नाटक वर्षानुवर्षं चाललं आणि एकदा चांगलंच अंगाशी आलं. तारखा इतक्या शिस्तीत पाळलेल्या, की एका वर्षी त्या नेमक्या गणपतीत आल्या. जाऊबाईंनी आधीच दिवस मोजून ठेवलेले, मग बदलणार कसं? अख्खं मखर जान्हवीने केलेलं, आणि आरतीच्या वेळी ती दाराबाहेर चपलांपाशी उभी. सुलक्षणाला टाळ्या वाजवताना स्वतःचीच लाज वाटली.

विसर्जनानंतर जान्हवी म्हणाली, "आई, मला ऑपरेशन करायचंय. लग्नासाठी नाही, माझ्यासाठी." तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, अंधेरीत चष्म्याच्या दुकानात कामाला.

मांडीची कातडी घेऊन डॉक्टरांनी मार्ग तयार केला. चाळीत सांगितलं, अपेंडिक्स काढलं. खरी कसोटी पुढेच होती. जागा आकसू नये म्हणून आत साचा ठेवायचा, तोही महिनोन्महिने. लेकीचा चेहरा बघून सुलक्षणाच ढिली पडायची, "आजच्या दिवस राहू दे गं" म्हणायची. जान्हवी दातओठ खाऊन साचा बसवायची आणि कामावर जायची. सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "यातलं निम्मं काम माझं, निम्मं हिचं." सुलक्षणाचा ऊर अभिमानाने भरून आला. पण सांगणार कोणाला? लेकीचं एवढं मोठं कौतुक, आणि ते तोंडात दाबून ठेवायचं.

मग जाऊबाई मुलुंडचं स्थळ घेऊन आल्या. "त्या अपेंडिक्साचा काय बोला नको," त्यांनी बजावलं.

"मी त्याला सगळं सांगणार, काकू," जान्हवी म्हणाली.

"सगळा म्हणजे काय गो?"

जान्हवीने आईकडे पाहिलं. "तू सांग ना, आई."

सुलक्षणाच्या जिभेवर नेहमीचं खोटं तयारच होतं. तिने ते गिळलं.

"ताई, अपेंडिक्स नव्हता ता. माझ्या चेडवाक जन्मापासून योनी नव्हती. डॉक्टरांनी केली, आणि सहा म्हयने दुखणा सोसून तिना ती टिकवली. पाळीचा नाटक सगळा माझा होता, तिचा नाय. स्थळाक सांगायचा तर ह्याच सांगा."

जाऊबाई घाईघाईने दार लोटायला उठल्या, चाळ ऐकेल म्हणून.

"ऱ्हवांदे दार उघडाच," सुलक्षणा म्हणाली.