सहा ताटल्या मीठ-पाणी

मिठाचं पाणी आटवायचा प्रयोग मी अकरा वर्षं एकाच पद्धतीने केला. तिवईवर चिनी मातीची बशी, खाली स्पिरिटचा दिवा, बशीत चमचाभर मीठ विरघळवलेलं पाणी. दहा मिनिटांत तळाशी पांढरा थर. मुलांनी वहीत आकृती काढायची, ‘बाष्पीभवन’ हा शब्द अधोरेखित करायचा, की झालं. वाघोलीतल्या आमच्या शाळेत विज्ञान दिनाला पालक येतात, तेव्हा सहावीचा एकच प्रयोग हॉलमधल्या पहिल्या टेबलावर मांडतात. ते टेबल अकरा वर्षं माझं होतं. कसब्यातून रोज बसचे धक्के खात येणाऱ्या बाईला तेवढा मान पुरत होता.

मग ती आली. अमरावतीकडची, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तिला सहावी ‘ब’ दिली, ‘अ’ माझ्याकडे. मुलं मला बाई म्हणतात. तिला महिन्याभरात ताई म्हणायला लागली. “पाणी कुठं चाललं जाते, पाहून राहिले ना तुम्ही?” असं ती वर्गात विचारायची आणि मी स्टाफरूममध्ये नाक मुरडायचे. मी पेठेतली. माझ्या ण आणि ळ ला कोणी बोट लावू शकत नाही. पण मधल्या सुट्टीत माझ्याच वर्गातली मुलं ‘ब’ च्या दारात घोटाळायची, आणि माझा ळ ऐकायला कोणी थांबत नव्हतं.

फेब्रुवारीत तिने तोच प्रयोग गच्चीवर मांडला. दिवा नाही, तिवई नाही. स्टीलच्या सहा ताटल्यांत मिठाचं पाणी भरून कठड्यावर उन्हात ठेवलं आणि मुलांना सांगितलं, हात लावायचा नाही, रोज पट्टीने पाणी मोजायचं आणि दिसेल तेवढंच वहीत लिहायचं. मी मनात म्हटलं, दहा मिनिटांचं काम हिला आठवडाभर पुरतंय. मुख्याध्यापिकांना मात्र ते भारी आवडलं. “शनिवारी मी दोन्ही वर्गांचं बघते,” त्या म्हणाल्या. “जे चांगलं असेल ते पहिल्या टेबलावर.”

अकरा वर्षांत असं कोणी बघून ठरवलं नव्हतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी गच्चीवर गेले. कारण काही नव्हतं, पोटात दुखत होतं म्हणून गेले. ताटल्यांत पाणी जेमतेम उरलं होतं आणि त्यात मिठाचे स्फटिक बसले होते. चौकोनी, रेखीव, काही तर नखाएवढे. माझ्या बशीत आजवर नुसता चुरा पडला होता. मी वर्षानुवर्षं फळ्यावर मिठाच्या स्फटिकाचा चौकोन काढत आले, पण डोळ्यांनी तो पहिल्यांदा तिथे पाहिला, आणि तोही तिच्या ताटलीत. माझा नुसता जळफळाट झाला.

शुक्रवारी सकाळी शाळा भरायच्या आधी मी परत वर गेले. आमच्या सफाईच्या मावशी ऊन तापायला लागलं की गच्चीच्या कठड्यावर पाखरांसाठी पसरट भांडी ठेवतात आणि सकाळी सकाळी भरतात. त्या चार दिवस रजेवर होत्या, त्या दिवशीच आल्या होत्या. बादली घेऊन एकेक भांडं भरत त्या ताटल्यांपाशी पोचल्या.

“बाई, ह्या नव्या ताटल्या बी पाखरांच्याच हायत न्हवं? पार आटल्यात.”

एवढंच सांगायचं होतं, की नाही हो, त्या मुलांच्या आहेत. मला ऐकू आलं होतं, कळलंही होतं. मी मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखा चेहरा केला आणि जिना उतरले. मागे पाणी ओतल्याचा आवाज आला. त्या क्षणी मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही.

एका दिवसात एवढं पाणी आटणं शक्य नव्हतं. शनिवारी मुख्याध्यापिका वर आल्या, तर सहाही ताटल्या पाण्याने भरलेल्या, स्फटिक विरघळलेले. “हे काय?” त्यांनी विचारलं.

“मावशींना पाखरांचं पाणी वाटलं, मॅडम,” ती म्हणाली. “मीच चिठ्ठी लावायला पाह्यजे होती.”

पहिलं टेबल मला मिळालं. विज्ञान दिनाला माझी काडेपेटी सादळली होती, तर ती धावत जाऊन कॅन्टीनमधून दुसरी घेऊन आली. पालकांनी दहा मिनिटांत पडलेला चुरा पाहून टाळ्या वाजवल्या. ‘ब’ ची मुलं मागे रांगेत उभी राहून बघत होती.

वार्षिक परीक्षेआधी आमच्याकडे वह्या अदलाबदलीने तपासतात. आधी वर्गाच्या शिक्षिकेची सही, मग दुसरीची. मार्चमध्ये ‘ब’ च्या वह्या माझ्याकडे आल्या. त्यातल्या एका मुलीच्या वहीत हे होतं:

‘शुक्रवार, सकाळी ७.१०. मी टाकीच्या मागे पट्टी धुवत होते. मावशींनी आपल्या ताटल्यांत पाणी ओतलं. त्याआधी त्यांनी ‘अ’ च्या बाईंना विचारलं. बाई काही बोलल्या नाहीत. खाली गेल्या.’

खाली लाल शाईत त्यांच्या ताईचा शेरा, ‘छान निरीक्षण. दिसलं तेवढंच लिहिलंस.’ सही. तारीख त्याच शुक्रवारची.

म्हणजे शनिवारी गच्चीवर तिला सगळं माहीत होतं. काडेपेटी आणली तेव्हाही. आणि रोज डबा उघडून “मॅडम, ठेचा घ्या ना” म्हणायची, तेव्हाही. मला आधी तिचा रागच आला. भांडली असती तर मी निभावून नेलं असतं, भांडण मला येतं. तिच्या जागी मी असते तर ती वही घेऊन तडक मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये गेले असते. मुलं, टेबल, स्फटिक, या सगळ्याचा हेवा मी करून झाला होता. ते खटपट करून मलाही जमलं असतं. हे मला जमलं नसतं, आणि त्याचा हेवा अजून गेलेला नाही.

मी ते पान तसंच सोडून शेवटी सही केली आणि वह्या वाटायला ‘ब’ मध्ये गेले. ती मुलगी जागेवरून उठून माझ्याकडे आली.

“बाई, या पानावर तुम्ही खूण केली नाही. चुकलंय का?”

ताई मागच्या बाकापाशी एकाचा गृहपाठ बघत होती, तिने मान वर केली नाही.

“नाही,” मी म्हटलं, “बरोबर आहे.”

मुलीने वही माझ्यासमोर धरली. मी पेन उघडलं आणि त्या पानावर बरोबरची खूण केली.