आईची चिठ्ठी माझ्याच हातात आली

खोट्या नावाने लिहितोय, समजून घ्या.

आज दुपारी आमच्या घरी प्रार्थना सभा होती. आमच्यात प्रत्येकाने आपली विनंती चिठ्ठीवर लिहायची, नाव घालायचं नाही. मग ज्याला जी चिठ्ठी येईल, त्याने ती मोठ्याने वाचून प्रार्थना करायची.

शेवटची चिठ्ठी मला आली. अक्षर आईचं.

‘प्रभू, माझ्या मुलाला त्या मुलाच्या नादातून सोडव.’

तो मुलगा नागापूर एमआयडीसीत माझ्याच कंपनीत आहे. चार वर्षं आमचं प्रेम आहे. घरी कुणाला माहीत नाही, असं आज दुपारपर्यंत मला वाटत होतं.

समोर आमच्या चर्चचे पाळकसाहेब. गेल्या रविवारी उपासनेत त्यांनी आमच्यासारख्यांना सैतानाची माणसं म्हटलं, तेव्हा भीतीने सगळ्यात आधी मीच ‘आमेन’ म्हणालो होतो.

“वाच की बाळा, काय लिव्हलंय?” शेजारच्या मावशी म्हणाल्या.

“गुडघेदुखी बरी व्हावी म्हणून,” मी म्हणालो आणि डोळे मिटून गुडघ्यांसाठी प्रार्थना केली.

सगळ्यात मोठ्याने ‘आमेन’ आई म्हणाली.

आता घरात आम्ही दोघंच आहोत. ती आत चहाचे कप विसळतेय. चिठ्ठी माझ्या खिशात आहे आणि तिने ती मागितलेली नाही.

तुम्ही असता तर आत गेला असता का?