इंदुबाईंनी उजळलेल्या पाट्या

खडकीच्या छावणीतल्या त्या चर्चमध्ये मी गेलो तो २००२ साली, आमच्या कंपनीच्या इंग्लंडमधल्या ग्राहक हेलनबाई यांच्यासोबत. दर्शनी भागी चार गोल खांब, वर त्रिकोणी माथा, आत पांढऱ्या भिंती. कलाकुसर जवळजवळ नाहीच. हेलनबाईंना मात्र वास्तूत रस नव्हता. त्यांचे पणजोबा प्लेगच्या साथीत खडकीत वारले होते. थडगे सापडले नव्हते. चर्चच्या भिंतीवर त्यांच्या नावाची पितळी पाटी आहे, एवढेच आजीकडून ऐकलेले.

इंदुबाई दारातच उभ्या होत्या. साठीच्या, इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या. एकतीस वर्षे त्या इथली झाडलोट करत होत्या. स्वतः बौद्ध, प्रार्थना चाले तेव्हा बाहेर पायरीवर बसत. एक तारखेपासून सफाईचे काम एजन्सीला द्यावे, असे चर्चच्या समितीच्या मनात होते. "पाहुण्या काय म्हणतात, ते बघू," एवढा धीर चर्चच्या पाळकांनी त्यांना दिला होता.

"दादा, बाईंना नीट सांगा हं, सगळं पितळ माझ्या हातचं आहे," त्या मला म्हणाल्या. "पाटीत बघून दाढी करता येईल तुम्हाला."

"कशानं घासता?"

"चिंच आणि विटेची पूड. ते बाटलीतलं औषध देतात ना, त्यानं नुसते हात काळे होतात."

पाट्या सात होत्या आणि खरोखरच लखलखत होत्या. शिडीवर चढून पुसाव्या लागणाऱ्या चार पाट्यांवरची नावे हेलनबाईंनी मान वर करून वाचली. त्यांत पणजोबा नव्हते. हाताच्या उंचीवरच्या तीन पाट्या मात्र गुळगुळीत झाल्या होत्या. हेलनबाईंनी प्रत्येकीवरून बोट फिरवले, तिरक्या उजेडात डोळे बारीक करून पाहिले. मग वळून म्हणाल्या, की फार निगेने ठेवले आहे. मी ते मराठीत सांगितले. इंदुबाईंनी पाळकांकडे पाहिले.

पाळक भिंतीकडे पाहत होते. अकरा वर्षे ते रोज तिथून जात असत.

"इंदुबाई, इथली अक्षरं?"

"होती की. काळं भरलेलं होतं खाचांत. मी आले तेव्हा लई काळं होतं."

"तीच अक्षरं होती."

"मला वाचता येतं का, साहेब? काळं निघालं पाहिजे, असंच सांगितलं होतं मला." थोड्या वेळाने त्यांनी मला हळूच विचारले, "बाईंचं माणूस कुठल्या पाटीवर होतं?"

"आता कळायचं नाही."

"उद्यापासून पाट्यांना हात लावू नका," पाळक म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"आणि एक तारखेपासून?"

पाळक पुन्हा त्या गुळगुळीत पाट्यांकडे वळले. इंदुबाईंनी कमरेची किल्ली काढून बाकावर ठेवली. हेलनबाईंनी एका माणसासाठी आणलेला फुलांचा गुच्छ सुटा केला आणि तिन्ही पाट्यांखाली थोडी थोडी फुले ठेवायला सुरुवात केली.